ऑप्शनला टाकलेले दोन शब्द

समजा, तुमच्या घरातला कर्ता माणूस आज सकाळी वारला आणि घरातल्या दहा वर्षांच्या पोरीचा उद्या पेपर आहे. तुम्ही तिला सांगाल का?

उत्तराची घाई करू नका. मी हा प्रश्न पुष्कळांना विचारला आहे. बहुतेकजण हळू आवाजात म्हणतात, "पेपर होऊ दे, मग सांगू." ही वाईट माणसं नसतात. आमचे सरही वाईट नव्हते. त्यांच्याबद्दल वावगं बोलणारा माणूस कडेगावात शोधून सापडणार नाही. म्हणूनच मला लिहावं लागतं आहे.

सरांचा क्लास खत-बियाण्याच्या दुकानावर होता. खाली युरियाची पोती, वर आम्ही. लोखंडी जिना चढताना नाकात खताचा वास बसायचा आणि हंगामात त्यात कारखान्याच्या मळीचा वास मिसळायचा. पाचवीतली पोरं तिथे एकाच कामासाठी यायची. सहावीपासून सरकारी निवासी शाळेत जागा मिळवायची, म्हणजे बारावीपर्यंत राहणं, जेवण, कपडे, शिक्षण सगळं फुकट. एका तालुक्याच्या वाट्याला जागा इतक्या थोड्या की त्यापेक्षा जास्त पोरं आमच्या एकट्या क्लासात बसायची. वयाची अट अशी की परीक्षेला एकदाच बसता येतं. दहा वर्षांच्या लेकराला एकच संधी देणारी ही व्यवस्था कुणी आखली, ते मला माहीत नाही. पण तिच्यावर पोट भरणारे क्लास गल्लोगल्ली निघाले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गणित आणि बुद्धिमत्ता सर उरकून टाकायचे. त्यांचा जीव होता भाषेत, आणि भाषेतही समानार्थी शब्दांत. अग्नीपासून हातापर्यंत सगळे शब्द त्यांनी अकारविल्हे लावले होते आणि पाढ्यांची चाल दिली होती. सर पुढे म्हणायचे, आम्ही मागे. उसाचं वाळकं कांडं फळ्यावर आपटून ते ताल धरायचे. अग्नी: आग, अनल, पावक, विस्तव. आकाश: गगन, नभ, अंबर, व्योम. खाली दुकानात पोतं उचलणारा गडीसुद्धा आमच्या तालावर पोतं उचलायचा. रोज सकाळी एकदा आणि दुपारी एकदा सगळी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधला एक शब्द सोडलेला सरांना चालायचा नाही. कुणी गाळला तर पुन्हा अग्नीपासून सुरुवात.

सर आमची नावं कधी घ्यायचे नाहीत. सूरजला सोमवारी रवी, मंगळवारी भास्कर, बुधवारी दिनकर. एकदा हजेरीत त्यांनी "मित्र" असा पुकारा केला तेव्हा सगळी पोरं एकमेकांकडे बघत राहिली आणि सूरजची गैरहजेरी लागली. माझ्या नावाला समानार्थी शब्द नव्हता, म्हणून मला ते "ए" म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटायचं. जगात आपल्या नावाला दुसरा शब्दच नाही म्हणजे आपण अगदीच दरिद्री, असं वाटायचं.

पाणी प्यायचं तर कोपऱ्यातल्या माठापाशी उभं राहून आधी शब्द द्यायचे. जल, नीर, उदक, सलिल. मग सर मान हलवायचे, मग पेला बुडवायचा. उन्हातून आलेलं पोरही सुटायचं नाही. एका पोराने एकदा पोटाला धरून मोरीकडे जायची परवानगी मागितली आणि शब्द आठवत नाहीत म्हणून तिथेच रडायला लागलं. सर म्हणाले, "त्याला समानार्थी नाही, पळ." त्या दिवशी सर स्वतःही हसले होते.

बाहेरही त्यांचं हेच. किराणा दुकानात जाऊन ते अर्धा किलो शर्करा मागायचे. दुकानदार म्हणायचा, "सर, कारखान्याच्या दारात ऱ्हाताय आन् साखरंला साखर म्हणाया लाजताय व्हय?"

"शब्द वापरला नाही तर गंजतो," सर म्हणायचे.

"मग आमची उधारी बी वापरा की जरा," असं म्हणून दुकानदार पुडी बांधायचा. सगळं दुकान हसायचं. सर गंभीर चेहऱ्याने पुडी घेऊन निघायचे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "ज्याच्याकडं एकच शब्द, त्याच्या घराला एकच दरवाजा. तो बंद झाला की माणूस अडकला. पाच शब्द असले की पाच दरवाजे." हे सांगताना ते स्वतःची गोष्ट सांगायचे. लहानपणी तेही याच परीक्षेला बसले होते, एका मार्काने जागा गेली, आणि तो मार्क गेला एका समानार्थी शब्दापायी. आम्हाला त्यांनी तो शब्द 'तुरग' असा सांगितला. आमच्या आधीच्या वर्षीच्या एका मुलीला 'कृपाण' सांगितला होता. त्याच्या आधीच्या मुलाला आणखी तिसराच. सर खरंच परीक्षेला बसले होते की नाही, देव जाणे. त्यांना कायमची नोकरी कधीच मिळाली नाही, एवढं मात्र खरं. वर्षानुवर्षं अर्ज करून करून शेवटी ते या जिन्यावर आले होते.

तुम्हाला वाटेल, गमतीशीर माणूस. आम्हालाही वाटायचा. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. सरळ बोलायची वेळ आली की सर दुसरा शब्द शोधायचे. एखादं पोर सराव परीक्षेत नापास झालं तर "यश किंचित लांबलं." बायको आजारी पडली तर "घरात थोडं अस्वास्थ्य." पाच दरवाजे त्यांनी बांधले होते ते पळून जायला. एक दिवस ते त्यांनी एका पोरीपासून पळायला वापरले. तिची गोष्ट सांगते.

तिचं नाव सरिता. माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. तिच्याकडे पाऊस कमी, शेरडं-मेंढरं जास्त, आणि गावातले निम्मे बापे मुंबईला. तिची मावशी कडेगावात दिलेली होती, तिच्या ओळखीने सरिता क्लासला आली. पहिल्याच दिवशी सरांनी तिला उभं केलं.

"सरिता. म्हणजे?"

"नदी, तटिनी, तरंगिणी," ती म्हणाली. घरून पाठ करून आली होती.

"माणातली नदी. मग पाणी कुठाय गं तुझ्यात?"

"आमच्यात वाळू हाय सर," सरिता म्हणाली. "झिरा काढला की लागतंय पाणी."

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी तिला पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी बसवलं. 'हिचा नंबर लागणार,' हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं असावं. सरिताची स्मरणशक्ती विलक्षण होती. यादी तिला पंधरवड्यात तोंडपाठ झाली. एवढंच नव्हे, कुठल्या शब्दाच्या आधी काय आणि नंतर काय, हेही झोपेतून उठवून विचारलं तर सांगायची.

शेवटचा महिना सगळ्यांनी क्लासवरच राहायचं, हा सरांचा नियम. माझं गाव जवळ असून मलाही घरी जाता येत नव्हतं. मुलं क्लासात झोपायची, आम्ही चौघी मुली मागे सरांच्या घरी. घरी फोन करायचा नाही, मन विचलित होतं. रविवारी आईबापांनी येऊन भेटायचं. स्वयंपाकाला भाकरीच्या मावशी होत्या, त्यांच्या चुलीपाशी आम्हाला तेवढं आमच्या बोलीत बोलता यायचं.

एका रविवारी सरिताचे वडील, तिचे आप्पा, आले. वाशीच्या मार्केटात ते हमाली करायचे. गाडी करून नव्हे, एसटीने आले होते, आणि खांद्यावरच्या पिशवीत संत्री घेऊन आले होते. क्लासातल्या प्रत्येक पोराच्या हातात त्यांनी स्वतः एकेक संत्रं ठेवलं. सर आईबापांचीही परीक्षा घ्यायचे. त्यांनी आप्पांना विचारलं, "हमाल. याला समानार्थी?"

आप्पांनी डोकं खाजवलं. "कागदावर काय तरी माथाडी कामगार लिवत्यात बगा. यापारी म्हणत्यात, ए."

"ए?"

"व्हय. ए, इकडं ये. ए, त्ये उचल. त्येवढंच."

मला फार हसू आलं, कारण मलाही सर तेच म्हणायचे. आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि तेही हसले. मग जिना उतरताना सरांना म्हणाले, "लागंल का ओ आमची?"

"लागणार," सर म्हणाले. "मी शब्द देतो."

"ऱ्हाऊ द्या, तुमी शब्द लय देताय म्हणं," आप्पा म्हणाले. "जरा पोटाला बी बगा तिच्या. वाळलीय." मग त्यांनी सरिताच्या डोक्यावर हात ठेवला. तिने त्यांना वाकून नमस्कार केला आणि ते एसटी स्टँडकडे गेले. सरिताने त्यांना बघितलं ते शेवटचं.

परीक्षा रविवारी होती आणि जिल्हा सांगली असूनही आमचं केंद्र साताऱ्याला आलं होतं. आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आम्ही मागच्या अंगणात वेण्या घालत होतो. मी तेल आणायला पुढे गेले तर जिन्याच्या पायथ्याशी टोपी घातलेला एक माणूस सरांशी बोलत उभा होता. तो टोपी सारखी काढत होता आणि घालत होता. सरांचा हात त्याच्या खांद्यावर होता. थोड्या वेळाने तो माणूस कुणालाच न भेटता निघून गेला. मला तो कोण ते माहीत नव्हतं. सरिता आत होती, तिने त्याला पाहिलंच नाही.

तो तिचा मामा होता. पुढे त्यानेच सगळं सांगितलं. आप्पांना शुक्रवारी रात्री मार्केटात पोतं उचलतानाच छातीत कळ आली. मयत गाडीतून गावाकडे निघालं होतं, दुपारपर्यंत पोचणार होतं, आणि मामा गाडी घेऊन भाचीला न्यायला आला होता. कडेगावहून विटा, मायणी करत दहिवडी. फार लांब नाही. तोंड बघून, माती देऊन, त्याच गाडीने दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याला पोचता आलं असतं. पुसेगाववरून सरळ रस्ता आहे. मामा तेच म्हणाला. सर त्याला म्हणाले, "तिथं गेली तर ती पेपर लिहिणार नाही. वय संपतंय, पुन्हा संधी नाही. तुमच्या मेहुण्यांनी हिच्यासाठी पोती उचलली, ती वाया घालवणार का?" मामाने तिच्या आईला फोन लावला. आई रडत म्हणाली, सर म्हणतात तसं करा. शिकलेला माणूस सांगतो म्हटल्यावर आपल्याकडे पुढचं बोलणं थांबतं. मामा टोपी नीट करून, कडेगावातल्या मावशीला तेवढं गाडीत घेऊन निघून गेला.

दुपारी शेवटची उजळणी होती. सरांनी कांडं हातात घेतलं आणि अग्नीपासून सुरुवात केली. आम्ही मागे म्हणत होतो. बाहेरून उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून जात होत्या, त्यामुळे आम्हाला मोठ्याने म्हणावं लागत होतं. भाऊ: बंधू, भ्राता, सहोदर. मासा: मीन, मत्स्य. मुलगा: पुत्र, सुत, तनय, नंदन. मुलगी: कन्या, तनया, दुहिता, सुता.

"मेघ," सर म्हणाले.

"मेघ: ढग, जलद, अभ्र," आम्ही म्हणालो.

सरिता म्हणाली नाही. तिने हात वर केला. "सर, एक ऱ्हायला. मुलगी झालं की मृत्यू येतो."

कांडं थांबलं. मला वाटलं, आता पुन्हा अग्नीपासून. पण सर म्हणाले, "राहू दे. तो परीक्षेला येत नाही. मोर: मयूर, शिखी."

आम्ही खूश झालो. एवढं लांब पुन्हा म्हणायला लागलं नाही, एवढंच आम्हाला कळलं. सरिता मात्र सरांच्या तोंडाकडे बघत होती. गाणं पुढे गेलं. राजा झाला, रात्र झाली, लढाई झाली. लाट: लहर, तरंग, ऊर्मी. मग सर म्हणाले, "वन," आणि आम्ही सवयीने अडखळलो. कारण लाट झाली की वडील येतात. पिता, जनक, तात. सरांनी वडील गाळले होते.

या वेळी सरिताने हात वर केला नाही. ती उठली आणि माठापाशी जाऊन उभी राहिली. आता शब्द द्यायचे होते. तिने तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "पी, बाळ. पी पाणी."

वर्षभरात सरांनी कुणालाही शब्दाशिवाय पाणी दिलं नव्हतं. कुणाला बाळ म्हटलं नव्हतं. सरिताने पेला हातात घेतलाच नाही. ती तिथूनच यादीच्या चालीत म्हणाली, "मृत्यू: मरण, निधन, देहान्त, अंत." मग, "वडील: पिता, जनक, तात." मग म्हणाली, "म्हटलं सर. आता तुमी सांगा."

सर म्हणाले, "काय सांगू?"

"आप्पा."

सर वळले आणि फळा पुसायला लागले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. कोरड्या फडक्याने ते कोरडा फळा पुसत राहिले आणि पाठमोरेच म्हणाले, "उद्या पेपर झाला की मामा येणार आहेत तुझे. ते सांगतील सगळं."

"म्हंजे व्हय," सरिता म्हणाली.

एवढंच. ज्या माणसाकडे त्या बातमीसाठी चार शब्द होते, त्याने एकही दिला नाही. बापाच्या मरणाची बातमी तिने स्वतःच जुळवली, गाळलेल्या दोन शब्दांतून. आपल्यासमोर सरांना कुठले दोन शब्द उच्चारता येत नाहीत, हे तिला कळलं आणि ते दोन तिने शेजारी शेजारी ठेवले.

ती दाराकडे निघाली. "मला घरी जायचंय." सर दारात आडवे उभे राहिले. मारलं नाही, ओरडले नाहीत. नुसते उभे राहिले आणि तिच्या आप्पांच्या इच्छेबद्दल, स्वप्नाबद्दल, कष्टाबद्दल बोलत राहिले. किती शब्द होते त्यांच्याकडे. आवाज ऐकून भाकरीच्या मावशी पिठाच्या हातांनी वर आल्या. त्यांना एका मिनिटात सगळं समजलं.

"पोरीला धाडा ओ सर," त्या म्हणाल्या. "त्वांड बगू द्या बापाचं."

"मावशी, तुम्ही भाकऱ्या बघा."

"भाकऱ्या काय पळून जात न्हाईत. माझा दादला गेला तवा माझ्या पोरालाबी असंच दाबून ठेवलं हुतं, बारावीला हाय म्हणून. अजून माझ्याशी बोलत न्हाई नीट."

"तुम्हाला त्यातलं कळत नाही."

मावशींनी हात पदराला पुसले. त्यांचा पगार सर द्यायचे. सरिताचा हात धरून त्या तिला खाली चुलीपाशी घेऊन गेल्या आणि संध्याकाळपर्यंत तिला मांडीवर घेऊन बसल्या. ती रडली नाही. मी शेजारी बसले होते. माण तालुक्यात त्याच वेळी चिता पेटत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे वडापच्या जीपमध्ये कोंबून सरांनी आम्हाला साताऱ्याला नेलं. सरिताने पेपर लिहिला. सगळा लिहिला. बाहेर आलो तेव्हा फाटकापाशी मामा उभा होता आणि त्याच्या हाताला सरिताचा धाकटा भाऊ होता, पहिली-दुसरीतला. तो बहिणीला बघून पळत आला आणि म्हणाला, "ताई, तू का न्हाई आलीस? आप्पा लय येळ थांबलं हुतं तुझ्यासाठनं."

सर आमच्या मागेच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. ते वळून आमच्या उत्तरपत्रिकांबद्दल विचारायला लागले. 'तुरग' आला होता का, म्हणाले.

सरिता लागली. तालुक्यातून पहिली. मी लागले नाही. त्याचं दुःख केव्हाच संपलं. संपलं नाही ते पुढचं.

निकालानंतर सरांनी कडेगावच्या स्टँडसमोर फ्लेक्स लावला. उजवीकडे सरिताचा फोटो, कुणाच्या तरी कोटात. डावीकडे सरांचा, दुप्पट मोठा. आणि मधे लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'पितृनिधनाच्या वज्राघातातही अढळ यश'. मी रोज शाळेला जाताना तो वाचायची. लोक थांबून वाचायचे, हळहळायचे आणि पुढच्या वर्षीसाठी आपल्या पोराचं नाव घालायला जिना चढायचे. त्या वर्षी सरांच्या क्लासात बसायला जागा उरली नाही.

सरिता मामाबरोबर आपली पत्र्याची पेटी न्यायला आली होती. मी तिला स्टँडवर भेटायला गेले. आम्ही दोघी फ्लेक्सखाली उभ्या राहिलो. तिने वर बघून सावकाश वाचलं. मग म्हणाली, "सरांना म्हाईत हुता की शब्द."

मी आजवर पुष्कळ जळजळीत भाषणं ऐकली, पत्रकं वाचली, स्वतः लिहिली आणि वाटलीही. एवढं धारदार वाक्य मला कुठे सापडलं नाही. एका पोरीच्या कानात सांगायला जड गेलेला शब्द माणसाने चौकात टांगला. तिला तिच्या बापाचं मरण मिळालं नाही. ते क्लासच्या कामी आलं. लोक मला सांगतात, अगं, पण तिचं भलंच झालं ना, जागा मिळाली ना. मिळाली. पण जागा आणि बापाचं तोंड यांतलं एकच घे, असं तिला कुणी विचारलं होतं का? दोन्ही मिळत होतं. मध्ये फक्त एक रस्ता होता आणि एक माणूस दारात उभा होता.

गेल्या वर्षी कामानिमित्त कडेगावला गेले. क्लास अजून तिथेच आहे, फक्त आता खालचं दुकानही सरांनी घेतलं आहे. रस्त्यावर उभं राहिलं की यादी ऐकू येते, तीच चाल. मी सहज थांबले. मुलगा झाला, मुलगी झाली, आणि पोरं थेट मेघावर गेली. मला वाटलं, चुकली. मी तिथेच उभी राहिले. लाट झाली आणि वन आलं. पोरं जराही अडखळली नाहीत.

सुट्टी झाली तेव्हा जिना उतरणाऱ्या एका मुलीला विचारलं, "वडील आणि मृत्यू नाहीत का गं यादीत?"

"ते सरांनी ऑप्शनला टाकल्यात," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"आमच्या ताईच्या टायमापास्नं न्हाईत."

मी वर गेले. सर थकले आहेत. मफलर, तेच कांडं, माठाच्या जागी आता फिल्टर. त्यांनी मला ओळखलं. "ए," म्हणाले, आणि हसले. पाण्याचा पेला त्यांनी स्वतः भरून दिला, शब्द मागितले नाहीत. मी यादीबद्दल विचारलं. म्हणाले, "ते दोन येत नाहीत परीक्षेला."

मग त्यांनीच विचारलं, "सरिता कुठं असते?"

"सांगलीला. नर्स आहे."

"परिचारिका," सर म्हणाले. ते आपोआप आलं. मग हातातल्या कांड्याकडे बघत म्हणाले, "तिला सांग..."

मी थांबले. खरंच थांबले. त्या एका वाक्यासाठी मी पुन्हा सगळी यादी पाठ म्हटली असती. "काय सांगू सर?"

सर वळले आणि फळा पुसायला लागले.

त्यांना पश्चात्ताप झाला, असं तुम्ही म्हणाल. दोन शब्द कायमचे काढून टाकले, म्हणजे काहीतरी टोचत असेलच. असेल. पण मी त्याला पश्चात्ताप म्हणणार नाही. शब्द काढून टाकल्याने पोरांचे बाप मरायचे थांबत नाहीत. फक्त सरांना ते उच्चारावे लागत नाहीत. आणि तरीही बघा, एवढं लिहून झालं तरी मी त्यांना अहोजाहोच करते आहे. हात वळत नाही.

सरिताच्या वॉर्डात माणसं जातात. नातेवाइकांना सांगायचं काम डॉक्टरचं, पण डॉक्टर इंग्रजीत काहीतरी पुटपुटून पुढे जातात आणि बाहेरच्या बाकावरची माणसं हिच्या तोंडाकडे बघत राहतात. मग ती सांगते. मी तिला विचारलं, कसं सांगतेस? ती म्हणाली, "आदी खाली बसवते. हात धरते. मग म्हणते, तुमचे वडील वारले. दुसरं कायबी बोलत न्हाई. बारकी पोरं असली तर त्यांनाबी सांगते. मोठी माणसं डोळ्यांनी खुणा करत्यात, नको नको म्हणून. मी ऐकत न्हाई. पोरगं आदीच बगत असतं आपल्या तोंडाकडं. त्याला समदं कळल्यालं असतंय. फकस्त कुणी सांगितल्यालं नसतंय."

म्हणून पहिला प्रश्न पुन्हा विचारत नाही. सांगते, काय करा ते.

तुमच्या घरात, भावकीत, शेजारात असा दिवस येईल. नक्की येईल, आणि नेमका कुणाच्या तरी पेपरच्या आदल्या दिवशी येईल. "पेपर होऊ दे, मग सांगू," असं कुणीतरी शहाणा माणूस म्हणेल. त्याचं वय, शिक्षण, मान काहीही असो, त्याला बाजूला करा. पोरीच्या हातातली वही घ्या, तिला खाली बसवा, हात धरा आणि एका शब्दात सांगा. ती रडली तर रडू द्या. पेपर द्यायचा की नाही, ते तिचं ती ठरवेल, रस्त्यात ठरवेल. तुम्ही गाडी काढा.